बाजाराच्या दिवशी किती पोरं?

जालना
६ ऑगस्ट २००६

निजाम,

सलाम. टपालानं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. गटावर लिहिलं की सहाशे जण वाचतात, आणि त्या सहाशेंत मास्तर किती नि भामटे किती हेच मला कळेनासं झालंय. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

मागच्या दिवाळीत आपण इंटरनेटवर हा 'खडू' गट काढला तेव्हा काय ठरलं होतं? फक्त प्राथमिक शिक्षक. वर्गात कुठं अडलं तर विचारायचं, ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगायचं. एवढंच. आता काय चाललंय बघ. एक विम्याचा एजंट रोज सकाळी 'गुरुजन हो' म्हणून सुरू होतो. एक गाईडं छापणारा आहे, त्याचं दर आठवड्याला नवं गाईड. परवा एकानं बोअरवेलच्या गाडीची जाहिरात टाकली आणि खाली लिहिलं, शिक्षकांना खास सवलत! अरे, मास्तर काय वर्गात बोअर पाडतो? शिवाय कुणाच्या तरी साहेबांचा वाढदिवस, कुणाच्या तरी भाच्याला स्थळ पाहिजे, आणि हा संदेश अकरा जणांना पाठवा नाहीतर वाटोळं होईल. झालंच आहे वाटोळं, आणखी काय व्हायचं राहिलंय?

मी झाडू घेतलाय. आता गटात यायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. प्रश्न साधा आहे. तुमच्या शाळेत बाजाराच्या दिवशी किती पोरं येतात? वर्गात उभा राहिलेला माणूस लगेच आकडा सांगतो आणि वर एक शिवी हासडतो. भामटा लिहितो, शंभर टक्के उपस्थिती. काल सतरा जणांनी शंभर टक्के लिहिलं. सतराच्या सतरा बाहेर. शिवाय प्रत्येकाचं नाव मी सेवाज्येष्ठता यादीत ताडून बघतो. यादी माझ्याच टेबलावर असते, कचेरीत बसल्याचा एवढा तरी फायदा.

तू शहागडातून गटावर काहीच लिहीत नाहीस. डीएडला असताना तर तुझं तोंड बंद होत नव्हतं. अनवरीभाभींना सलाम.

तुझा,
भुजंग

*

शहागड
१९ ऑगस्ट २००६

भुजंग्या,

पाकीट भेटलं. तुझी झाडू वाचून लई हसलो. अनवरीला पण वाचून दाखवलं, ती म्हणली, भाईजान घरी कधी झाडू मारत न्हाईत, उषावहिनीला विचारा.

मी का लिहीत न्हाई ते ऐक. आमच्या हायवेवर एकच इंटरनेटचं दुकान, टायरवाल्याच्या बाजूला. ट्रकचा हॉर्न वाजला की मी काय लिहून राह्यलो तेच विसरतो. अन् दोन बोटांनी टाइप करतो मी. एक ओळ व्हायला एक चहा लागतो.

एक काम आहे. जल्दी कर. नदीच्या अंगाला वीटभट्ट्या आहेत ना, तिथं वस्तीशाळा निघाली. पत्र्याचं शेड, एक फळा, अन् शिवकन्या नावाची पोरगी. बारावी झालेली, निमशिक्षिका म्हणून मानधनावर आहे. चार इयत्ता एकटी संभाळते. तिला विचारायला माणूस न्हाई रे. तिथून आमची शाळा दोन कोस, मी हप्त्यातून एकदा भेटतो तवा ती वहीत प्रश्न लिहून आणते. तिला गटात घे. तुझा प्रश्न मी तिला विचारला. तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवून देतो.

"पटावर सव्वीस, बाजाराला सात येतात. दोघी आईच्या भाजीपाशी बसतात. पाच जण भट्टीवर राहतात, कारण मुकादम त्या दिवशी मोठ्यांना सुट्टी देतो अन् लहान्यांना राखण. तिघी भावंडं संभाळतात. रशीद बकऱ्या विकायला मामासोबत जातो. सहा जण नुसतेच हुंदडतात, पण बाजारातच असतात, मी बघून येते. दोघं आजारी, एकीचं पोट, एकाचा कान."

सात अन् बाकीचे एकोणीस, मी मोजून बघितले, बराबर आहेत. आता बोल.

निजामोद्दीन

*

जालना
२ सप्टेंबर २००६

निजाम,

तू गळ घातलीस म्हणून उत्तर देतोय, नाहीतर हा अर्ज मी वाचलाही नसता.

मी आकडा विचारला होता, बाईनं जनगणना लिहून पाठवली. कुणाचं पोट, कुणाचा कान! हे शिक्षकाचं उत्तर आहे की दवाखान्याच्या रांगेचं? आणि मूळ मुद्दा, ती शिक्षिकाच नाही. डीएड नाही, यादीत नाव नाही. मानधनावरची बाई म्हणजे शिक्षिका नव्हे, निजाम. आज हिला घेतलं की उद्या अंगणवाडीवाली येईल, परवा खिचडी शिजवणारी येईल, मीही रोज पोरांतच असते म्हणून. मग बोअरवेलवाल्यानं काय पाप केलंय?

आपण दोन वर्षं हॉस्टेलची पाण्यासारखी डाळ पिऊन डीएड केलं. पाठ टाचणं लिहून बोटांना घट्टे पडले. त्याची काही किंमत आहे की नाही? दारात चप्पल काढली म्हणून कुणी पुजारी होत नाही.

तिला सांग, आधी शिकावं, मग शिकवावं. राग मानू नकोस, नियम तुझ्यासाठी वाकवला तर मी कशाचा चालक?

भुजंग

*

शहागड
२० सप्टेंबर २००६

भुजंग,

ठीक आहे. गट तुझा, झाडू तुझी.

तू म्हणला होतास की मी काही लिहीत न्हाई. तर आता लिहीत जाईन. माझ्या नावानं काही पाठ येतील. टाइपिंगच्या चुका संभाळून घे.

रोजे जवळ आलेत. उषावहिनीला सलाम.

निजामोद्दीन

*

जालना
९ नोव्हेंबर २००६

अरे निजाम्या, हरामखोरा,

इतकी वर्षं हे कुठं दडवून ठेवलं होतंस?

तुझे चारही पाठ वाचले. तो मिरच्यांच्या वाट्यांचा तर तीनदा वाचला आणि कचेरीतल्या पुंजाराम शिपायाला मोठ्यानं वाचून दाखवला. भागाकार शिकवायला पोरांना फळ्यापाशी न नेता बाजारात न्यायचं, कारण निम्मी पोरं तिथंच आहेत! भाजीवालीपाशी बसवायचं आणि ढीगभर मिरच्यांचे सारखे वाटे घालायला लावायचे. सत्तेचाळीस मिरच्या, पाच वाटे, दोन उरल्या. मग विचारायचं, या दोन कुणाच्या वाट्यात टाकायच्या? त्यावर पोरांची भांडणं लागली, एक म्हणतो माझ्या, दुसरी म्हणते माझ्या, आणि भाजीवाली म्हणाली, कुणाच्याच नको, त्या माझ्या. "बाकी कशाला म्हणतात हे मला सांगावंच लागलं नाही," हे वाक्य वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो.

बाकी गटावर काय येतं? एका थोर पुरुषानं लिहिलंय, भागाकार चार वेळा लिहून घ्यावा. दुसरा लिहितो, सहमत. तिसरा लिहितो, सुप्रभात. या ठोंब्यांचे पगार बघितले की माझं डोकं उठतं.

निजाम, असला पाठ तेवीस वर्षं वर्गात उभं राहिल्याशिवाय सुचत नाही. तुझ्या त्या भट्टीवरच्या बाईला दाखव हे. म्हणावं, शिक्षक असा असतो. जानेवारीत शिक्षण परिषद आहे. तिथं तुझा हा पाठ वाचायचा, साहेबांशी बोलणं झालंय. नाव छापून येईल. नवा सदरा शिवून ठेव.

भुजंग

*

शहागड
२१ नोव्हेंबर २००६

भुजंग,

सदरा शिवत न्हाई. तो पाठ माझा न्हाई. चारही माझे न्हाईत. शिवकन्येचे आहेत.

ती कागदावर लिहून आणायची, मी टायरवाल्याच्या बाजूला बसून दोन बोटांनी टाइप करायचो. तू दरवाजा बंद केला तर मी माझी खिडकी दिली तिला. मला वाटलं, लोक उत्तर देतील, मी तिला ते लिहून देईन, तिचं काम चालंल. नाव माझं जातंय याची तिला फिकीर न्हवती. ती म्हणायची, सर, नाव राहू द्या, तिसरीच्या पोरांना हातचा कसा समजवायचा तेवढं विचारा.

मला पण गोड लागून राह्यलं होतं, खोटं कशाला बोलू? लोक लिहायचे, वा निजामोद्दीन सर. हे मी घरी अनवरीला सांगायचो. तुझं पत्र आलं, परिषदेचं अन् नाव छापायचं, ते पण वाचून दाखवलं. तिनं पोळी तव्यावर तशीच टाकली अन् म्हणली, लोकाचं लेकरू कडेवर घेऊन माझंच म्हणून मिरवता, शरम वाटत न्हाई? बिलकुल बराबर बोलली.

तर परिषदेत तिचं नाव वाच. शिवकन्या, वस्तीशाळा, वीटभट्टी. अन् तिला गटात घे. तूच लिहिलंस ना, शिक्षक असा असतो म्हणून? मंग झालं. तुझ्याच तोंडचा शब्द आहे.

निजामोद्दीन

*

जालना
२८ नोव्हेंबर २००६

श्री. निजामोद्दीन यांस,

तुम्ही स्वतःच्या नावावर बाहेरच्या व्यक्तीचं लिखाण गटात घुसवलं. विम्याचा एजंट निदान स्वतःच्या नावानं तरी येत होता. तुमचं सदस्यत्व आजपासून रद्द केलं आहे. चारही पाठ काढून टाकले आहेत. परिषदेच्या यादीतून तो विषय वगळला आहे. साहेबांसमोर मला खाली मान घालावी लागली, ते निराळं.

मित्र म्हणून मी तुला तोंडावर सांगितलं होतं, नियम वाकणार नाही. तू पाठीमागून वाकवलास. चार बरे कागद लिहिले म्हणून कुणी शिक्षक ठरत नाही. उद्या तीच बाई मिरवत फिरेल, मी गुरुजींना शिकवलं म्हणून.

गट शिक्षकांसाठी आहे. जो फळ्यासमोर उभा राहतो त्याच्यासाठी. बाकी कुणासाठी नाही.

भुजंग

*

शहागड
१५ डिसेंबर २००६

भुजंगराव साहेब,

तुमचा हुकूम भेटला. 'यांस' वाचून अनवरी म्हणली, हे कुणाचं पत्र आलंय, वकिलाचं? मी म्हणलं, न्हाई, माझ्या खोलीत दोन वर्षं झोपलेला मित्र आहे, माझी चप्पल घालून पाठ घ्यायला जायचा.

मी शिवकन्येला सांगायला भट्टीवर गेल्तो. तुझे सगळे शब्द न्हाई सांगितले, मला शरम वाटली. एवढंच म्हणलं, पाठ काढून टाकले. ती फळा पुसत होती. म्हणली, काढले तर काढले सर, पण त्या हातच्याचं कुणी उत्तर दिल्तं का? कुणीच दिलं न्हवतं, भुजंग. साताठशे मास्तर तुझ्या गटात, वा वा सगळ्यांनी केलं, उत्तर एकानं न्हाई दिलं.

तुझ्या यादीतले मास्तर तुला माहीत न्हाईत, मला माहीत आहेत. आमच्या बाजूच्या गावचे रामराव गुरुजी तुझ्या गटात आहेत. रोज सुप्रभात टाकतात. कुठून टाकतात? हायवेवर त्यांचं ढाबा कम् लॉज आहे, तिथून. शाळेत त्यांच्या जागी एक दहावी नापास पोरगी बसते. यादीत त्यांचा नंबर लई वरचा आहे. तुझ्या प्रश्नाला त्यांनी बाजाराच्या दिवसाचा बरोबर आकडा दिल्ता, कारण त्या पोरीला विचारून दिल्ता.

अन् आता एक गोष्ट विचारतो. राग आला तर येऊ दे, हुकूम तर आलाच आहे.

तू चार वर्षांपासून कचेरीत. संगणक येतो म्हणून साहेबांनी बोलावलं, आधी सहा महिन्यांसाठी, मंग तू हललाच न्हाईस. पंखा आहे, चहा आहे, पुंजाराम आहे. तुझ्या जागेवर तुझ्या शाळेत कुणी आलं न्हाई, दोन वर्ग एका मास्तरवर पडले, हे मला तुझ्याच हेडमास्तरनं सांगितलं. जो फळ्यासमोर उभा राहतो त्याच्यासाठी गट, असं तू लिहितोस. चार वर्षांत खडू कशाला हातात धरलास? टेबलाचा पाय डुगडुगत होता तवा खाली ठेवायला?

भुजंग, बाजाराच्या दिवशी तुझ्या वर्गात किती पोरं येतात?

उत्तर टपालानं पाठव. मी गटात न्हाई.

निजामोद्दीन

*

हसनाबादजवळ
१० जुलै २००७

शिवकन्याबाई यांना,
नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, ओळखत असाल तर वाईटच ओळखत असाल. 'खडू' गटाचा चालक तो मी.

निजामोद्दीनचं एक पत्र सहा महिने माझ्या खणात होतं. पहिले दोन महिने मी त्याला मनातल्या मनात उत्तरं दिली, एकाहून एक झणझणीत. पाठवलं एकही नाही, कारण शेवटी आकडा लिहावा लागायचा आणि आकडा माझ्याकडे नव्हता. एप्रिलमध्ये साहेबांना अर्ज दिला, मला शाळेवर परत पाठवा. साहेब हसले. म्हणाले, भुजंगराव, लोक शाळेवरून इथं यायला वशिले लावतात, तुम्हाला उन्हाळा बाधला की काय? माझी जुनी जागा तोवर भरली होती. ही वाडी मिळाली. बसथांब्यापासून चिखलातून चालत यावं लागतं.

पहिल्या दिवशी खडू मोडला. दुसऱ्या दिवशी मी 'गप्प बसा' म्हणालो आणि पोरं हसायला लागली, कारण कुणी बोलतच नव्हतं. मी दीड वर्ष गटावर शेकडो लोकांना अक्कल शिकवत होतो, बाई, आणि इथं दुसरीचा वर्ग माझं घंटाभर ऐकेना. मी किती लोकांना ठोंब्या म्हणालो होतो ते आठवून रोज चालत घरी येतो.

गटातून यादी बघून घेतलेले, कधीच काही न शिकवणारे एकशे बारा जण मी काढले. रामराव गुरुजी पहिले. एकशे बारा झाल्यावर एकच नाव उरलं, माझं, तेही काढलं. तुमचे चार पाठ परत लावलेत, तुमच्या नावानं. परिषद तर होऊन गेली, ते मला परत आणता येत नाही. गट आता तुम्ही आणि निजाम चालवा. पासवर्ड निराळ्या चिठ्ठीवर दिलाय, निजामला म्हणावं दोन बोटांनी नीट टाइप कर.

आता मला गटात यायचंय. डीएड आहे, यादीत नावही आहे, पण ते राहू द्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. खरं तर प्रश्न माझाच होता.

पटावर एकतीस. बाजाराच्या दिवशी आले चार.

आपला,
भुजंग

*

वस्तीशाळा, वीटभट्टी
२२ जुलै २००७

भुजंग सर,
नमस्कार.

पत्र मिळालं. निजामोद्दीन सरांनी गट सुरू करून दिला. पाठ परत लावले ते बघितलं. परिषदेचं काही मनात न्हाई. त्या दिवशी इकडं गोवर होता, मला येता आलंच नसतं.

मला निमशिक्षिकेला तुमचा अर्ज तपासावा लागतोय, यात माझा इलाज न्हाई. तुम्ही चार आले म्हणून लिहिलं. बाकीचे सत्तावीस कुठं होते ते लिहिलं न्हाई. एवढं तर आमच्या भट्टीवरचा मुकादम पण सांगतो, किती आले. अर्ज अपूर्ण आहे. परत पाठवते.

शिवकन्या

*

हसनाबादजवळ
६ ऑगस्ट २००७

शिवकन्याबाई,

पत्र वाचून आधी संताप आला. मग पुढच्या बाजाराच्या दिवशी शाळेला कुलूप लावलं, आलेल्या पाच जणांना सोबत घेतलं आणि गेलो.

नऊ जण बाजारात नुसतेच हिंडत होते. दोघं मेंढ्यांपाशी. गोजरबाई म्हणून एक म्हातारी कांदे विकते, तिच्यामागे तीन पोती होती आणि पोत्यांमागे माझ्या चौथीतल्या तीन पोरी लपल्या होत्या. त्यांना वाटलं मी मारायला आलोय. मग तिथंच खाली बसलो. कांद्यांचे वाटे घातले. तीन उरले, ते गोजरबाईनं माझ्या पिशवीत टाकले आणि म्हणाली, मास्तर पहिल्यांदा बघितला बाजारात, घेऊन जा.

सात जणी घरी, पाळण्यापाशी. चौघं खुरपणीला गेलेले. आणि साहेबराव म्हणून दुसरीतला आहे, त्याला वर्गातलं काही दिसतच नाही म्हणून यायचा बंद झाला होता. हे मला महिनाभर कळलं नव्हतं. मी त्याला रोज मठ्ठ म्हणत होतो. आता पहिल्या रांगेत बसवलाय, चष्म्याचं बघतोय.

पाच, नऊ, दोन, तीन, सात, चार आणि एक. एकतीसच होतील असं वाटलं होतं, दोनदा मोजले. तुम्हीही मोजून बघा.

नाही, थांबा. मेंढ्यांपाशी जो दुसरा होता तो आपला नाही, पलीकडच्या गावचा आहे, आत्ता कळलं. म्हणजे तीसच होतात. राहिली सारिका, तिसरीतली. ती कुठं असते ते वाडीत कुणीच नीट सांगेना. एक जण म्हणाला मामाकडे, दुसरी म्हणाली मावशीकडे, आणि दोघंही माझ्याकडे बघत नव्हते.

उद्या सकाळी तिच्या घरी जातो. तोवर अर्ज थांबवून ठेवा.

भुजंग